विधानसभेची जागा आणि पक्षाचे बळ : शीळफाटा परिसरातील एक उदाहरण

नव्या पक्षाचे सामर्थ्य मोजताना त्याने विधानसभेत किती जागा मिळविल्या, हे सामान्यतः प्रथम पाहिले जाते. परंतु जागा हे संघटित बळाचे फलित, की ते वाढविण्याचे साधन, हा प्रश्न निराळा आहे. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची कल्याण ग्रामीण मतदारसंघातील वाटचाल या दृष्टीने उद्बोधक ठरते.

कल्याण-डोंबिवलीहून येणारा रस्ता शीळफाट्यावर मुंब्रा-पनवेल मार्गास मिळतो. या रस्त्यालगतची जुनी गावे, दिवा आणि डोंबिवलीच्या विस्तारणाऱ्या वस्त्या यांचा हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत निर्माण झाला. नावाने ग्रामीण असला, तरी त्याचे जीवन रेल्वे, रस्ता आणि पाणी या नागरी प्रश्नांशी निगडित आहे.

मार्च २००६ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने २००९ मध्ये राज्यात सुमारे ५.७ टक्के मते व २८८ पैकी १३ जागा मिळविल्या. त्या जागा प्रामुख्याने मुंबई, नाशिक व कल्याण येथे एकवटल्या होत्या. कल्याण ग्रामीण व कल्याण पश्चिम ही त्यांपैकीच. सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो, अशा पद्धतीत विखुरलेल्या मतांपेक्षा एकवटलेली मते अधिक फलदायी ठरतात, याचे हे प्रत्यंतर होय.

या यशाचा उपयोग पुढील वर्षीच दिसला. २०१० च्या कल्याण-डोंबिवली महापालिका निवडणुकीत १०७ पैकी २७ जागा पक्षाकडे आल्या. आमदारामुळे कार्यकर्त्यास प्रतिष्ठा मिळते, आणि नगरसेवकामुळे पक्षास प्रभागात नित्याचा संपर्क लाभतो. उलट २०१४ मध्ये कल्याण ग्रामीणची जागा शिवसेनेकडे गेल्यावर २०१५ च्या महापालिकेत हे संख्याबळ निम्म्याहूनही खाली आले.

२०१९ मध्ये राज्यातील मते सुमारे २.२ टक्क्यांपर्यंत उतरली असताना प्रमोद (राजू) पाटील येथून विजयी झाले. पक्षाचे ते राज्यातील एकमेव आमदार होते. मात्र या वेळी पुढची पायरीच उपलब्ध झाली नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये, तर ठाणे महापालिकेची मार्च २०२२ मध्ये संपली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत दोन्ही ठिकाणी प्रशासकच कारभार पाहत होते. विधानसभेतील यश प्रभागांत रुजविण्याची संधी अशा रीतीने हुकली.

२०२४ मध्ये शिवसेनेचे राजेश मोरे यांनी साठ हजारांहून अधिक मताधिक्याने ही जागा घेतली, आणि पक्षाचे विधानसभेतील प्रतिनिधित्व संपुष्टात आले. या पराभवास शिवसेनेतील फुटीनंतर बदललेली राजकीय समीकरणे, सत्तारूढ महायुतीची राज्यव्यापी लाट व त्रिकोणी लढत हीही कारणे होती. केवळ महापालिका निवडणुकांच्या विलंबावर त्याचा भार टाकणे युक्त नव्हे.

तथापि दोन्ही विजयांची तुलना एक गोष्ट सूचित करते. विधानसभेची जागा पक्षास बळ देते, ते मुख्यतः तिच्यामागोमाग येणाऱ्या स्थानिक निवडणुकांच्या द्वारे. तो दुवा निखळला, की एकटा आमदार हा पक्षाचा आवाज होऊ शकतो. त्याचा पाया होणे कठीण असते. म्हणून स्थानिक निवडणुका लांबणीवर पडणे ही केवळ प्रशासकीय बाब नसून, पक्षांच्या वाढीवर परिणाम करणारी राजकीय घटना आहे, असे मानणे प्राप्त होते.