बांडगुळापर्यंत पोहोचणारी करवत

हापूसच्या जुन्या बागेत मान वर करून पाहिलं, की आंब्याच्या पानांत कुठे तरी जाडसर, वेगळ्याच हिरव्या पानांचा झुपका दिसतो. ते बांडगूळ. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसून टाकतो आणि ती तिथेच रुजते. मुळं थेट आंब्याच्या लाकडात शिरून पाणी आणि क्षार ओढू लागतात. अन्न ते स्वतःच्या पानांत बनवतं, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणायचं. पण त्याच्यापुढची फांदी हळूहळू वाळत जाते.

बांडगूळ बहुधा तिथे वाढतं, जिथे चढणाऱ्याचा पाय पोहोचत नाही. आंब्याच्या टोकाकडच्या फांद्यांवर भार टाकणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि दरवर्षी कोकणात माणसं झाडावरून पडतात. त्यामुळे जमिनीवर उभं राहून वापरायची लांब दांड्याची हत्यारं ही मला चैनीची वस्तू वाटत नाही. बागायतदाराने गड्याच्या हातात ती द्यायलाच हवीत.

घरात आकडी असतेच. पण आकडीने हिसडा दिला की बांडगुळाचा पाला तुटून येतो, लाकडातली मुळं तशीच राहतात आणि काही महिन्यांत तोच झुपका पुन्हा फुटतो. चिकटलेल्या गाठीच्या निदान वीतभर मागे, शक्य तर मागच्या दुबेळक्यापाशी, आंब्याची फांदीच कापावी लागते. म्हणजे उंचावर नेमका काप हवा. फळांच्या बाबतीत हे आपण केव्हाच मान्य केलं आहे: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला फळ ओरबाडत नाही, देठासकट कापून जाळीत घेतो. फांदीचीही तेवढीच कदर व्हावी.

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला, दोरीने चालणारी कात्री, म्हणजे ट्री प्रूनर. वरचा आकडा फांदीला अडकवायचा, दोरी ओढली की कप्पीवरून पातं मिटतं. अंगठ्याएवढ्या हिरव्या डहाळीसाठी हे उत्तम. त्याहून जाड, वाळक्या लाकडात पातं अडकतं आणि वर अडकलेलं हत्यार सोडवणं हे कापण्यापेक्षा अवघड काम. पात्याची बाजू झाडाकडे ठेवावी, कारण आकड्याच्या बाजूला साल चेचली जाते. दाट पानोळ्यात दोरी गुंतते, हा त्याचा मोठा दोष.

दुसरा प्रकार करवतीचा, आणि बांडगुळासाठी माझा कौल तिलाच आहे. चांगल्या पोल सॉचं, म्हणजे लांब दांड्याच्या करवतीचं, पातं बाकदार असतं आणि ओढताना कापतं. यामागे साधं कारण आहे: पाच मीटर लांब दांडा ढकलला तर वाकतो, ओढला तर सरळ राहतो. ओढताना पात्यावर ताण येतो, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि बाकामुळे फांदीवरून निसटत नाही. जपानी करवतींनी ही पद्धत जगभर नेली. दातांची धार मात्र दुकानातच विचारून घ्यावी. टोकं निळसर-काळी दिसली तर ते दात विजेच्या तापाने कडक केलेले असतात. धार खूप टिकते, पण गेल्यावर कानस चालत नाही, पातंच बदलावं लागतं. तेच पातं सुटं मिळतं ना, हे आधी पाहावं.

खरी निवड दांड्याची. दुकानात सगळ्यांची नजर सर्वांत लांब दांड्यावर जाते आणि तिथेच फसगत होते. टोकाला एक किलोचं पातं, पाच मीटर दांडा, जमिनीशी साठ अंशांचा कोन आणि दोन हातांत दोन फुटांचं अंतर धरा. दांड्याचं स्वतःचं वजन सोडूनही खालच्या हाताला सुमारे चार किलोचा ओढा सांभाळावा लागतो, तोही वर पाहत. टोक हलतं, काप भलतीकडे जातो. बागेतल्या बहुतेक कामाला जेवढं पुरेल तेवढंच घ्यावं. सरकत्या नळीचा दांडा असेल तर तो पूर्ण ताणून, चिमटे आवळून, टोक झुलवून पाहावं.

सिंधुदुर्गात मानग्याचा बांबू अजून अनेकांना बरा वाटतो. तो जवळजवळ भरीव असतो, ताठ राहतो, स्वस्त पडतो. जड मात्र आहे. ॲल्युमिनियम हलकं, पण बागेवरून विजेची तार जात असेल तर ते नकोच. फायबरग्लास वीज वाहत नाही, तरी ओलं-मळकं असताना त्याच्यावर भरवसा ठेवू नये, आणि ओल्या बांबूवर तर मुळीच नाही. तारेजवळची फांदी वीज बंद करवूनच कापावी.

कापताना फांदीच्या बरोबर खाली कधी उभं राहू नये, डोळ्यांना चष्मा असावा. तांबड्या मुंग्यांनी पानं शिवून केलेलं घर आधी पाहून घ्यावं, नाही तर भुशाबरोबर मुंग्याही मानेवर उतरतात. जड फांदी एका कापात घेतली तर पडताना साल खोडापर्यंत सोलत नेते. म्हणून आधी खालून थोडी चीर द्यावी. काही करवतींच्या बुडाशी त्यासाठी कोयतीसारखं छोटं पातं असतं. मग चिरेच्या बाहेरून कापून भार उतरवावा आणि शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कडेच्या अगदी बाहेर घ्यावा. ती कडा राखावी, हे अमेरिकन वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी खोडं चिरून दाखवून दिलं: जखम बंद करणाऱ्या पेशी तिथेच असतात.

राहिली जखम. आंब्याच्या मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावायची शिफारस असते, आणि तिथेही हात पोहोचत नाही. करवत काढून त्याच दांड्याला ब्रश घट्ट बांधावा आणि पेस्ट जरा दाट कालवावी, म्हणजे ती वाटेत अंगावर ओघळत नाही.