हिरवळीखालचे पेव

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की घरापुढच्या हिरवळीत, कापणीनंतर अवघ्या एक-दोन दिवसांत, बाकीच्या गवताच्या वर डोके काढणारी चकचकीत पाती दिसू लागतात. ती गवताची नसून लव्हाळ्याची असतात, आणि त्याच्या फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवला तर तो गोल न लागता तिधारी लागतो. गवत आणि लव्हाळा यांची वनस्पतिकुळे वेगळी आहेत. १९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याला मिळाला आणि दुसरा हरळीला, म्हणजे जिच्या दूर्वा गणपतीला वाहतात आणि जी कित्येक अंगणांत हिरवळ म्हणूनच लावली जाते तिला.

तुकारामांच्या अभंगामुळे महापुरात तगून राहणारी लव्हाळी मराठी मनाला नम्रतेचे प्रतीक म्हणून परिचित आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या तगून राहण्यामागे नुसती लवचीक पाती नसून जमिनीखालची तजवीजही आहे. प्रत्येक रोपाच्या बुडातून बारीक, आडवी भूमिगत खोडे निघतात, ती काही अंतर सरपटत जाऊन टोकाला फुगतात आणि तेथे पिष्टमय पदार्थांनी भरलेली गाठ तयार होते. त्या गाठीतून पुन्हा खोड निघते, पुन्हा गाठ धरते, आणि अशी माळ मातीच्या वरच्या वीतभर थरात पसरत राहते. हीच ती सुगंधी गाठ, जी आयुर्वेदात मुस्ता म्हणून ओळखली जाते आणि नागरमोथा या नावाने दिवाळीच्या उटण्यात पडते.

या गाठीला सर्वांत नेमकी उपमा पेवाची आहे. पूर्वी महाराष्ट्रातील गावांत ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत अरुंद तोंडाचा आणि मोठ्या पोटाचा खड्डा खणत, धान्य भरून त्याचे तोंड मातीने बुजवत, आणि वरून पाहणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ताही लागत नसे. लव्हाळ्याची गाठ हे असेच पेव आहे. वरची पाती उपटणे म्हणजे पेवावरची माती खरवडणे, कारण गाठीवर एकाहून अधिक डोळे असतात आणि एक कोंब गेला की साठ्यातले अन्न वापरून दुसरा डोळा फुटतो. त्याहून विलक्षण गोष्ट माळेची आहे. माळेच्या टोकाकडची गाठ जिवंत असेपर्यंत मागच्या बहुतेक गाठी निद्रिस्त राहतात. टोकाच्या वाढीने मागचे डोळे दाबून धरण्याच्या या गुणाला अग्रप्रभुत्व म्हणतात. खुरप्याने माळेचे चार तुकडे झाले की ते प्रभुत्व संपते आणि चारही गाठी एकाच वेळी जाग्या होतात. उत्साहाने एकदाच खणलेल्या हिरवळीत पुढच्या पंधरवड्यात लव्हाळ्याचे पेव फुटते, आणि येथे हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरतो.

मात्र यावरून खणणेच चुकीचे, असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो तो अर्धवट आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात ई. व्ही. स्मिथ आणि ई. एल. मेयटन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लव्हाळ्याने भरलेली जमीन तीन आठवड्यांहून अधिक खंड न पाडता पुनःपुन्हा नांगरली, आणि वाढीच्या दोन हंगामांत तण नाहीसे झाले. याचे कारण सरळ आहे: प्रत्येक नांगरटीने झोपलेल्या गाठी जाग्या केल्या, प्रत्येक कोंबाने पेवातले धान्य खर्च केले, आणि नवी गाठ भरण्याइतका अवधी पानांना मिळाला नाही. जी क्रिया एकदा केल्यास तण वाढवते, तीच नियमित अंतराने केल्यास त्याला संपवते. ना औषध, ना खास यंत्र, केवळ दिनदर्शिका पाळण्याची शिस्त सांगणारे हे संशोधन तणनाशकांच्या युगात मागे पडले, ही खेदाची बाब आहे.

सध्या मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण यांच्या मिश्रणाची जी जाहिरात होते, ती या पार्श्वभूमीवर तपासायला हवी. व्हिनेगर स्पर्शाच्या जागी पान जाळते, पण गाठीपर्यंत पोहोचत नाही. मीठ मात्र मातीत साचून गवताचीच मुळे मारते. ग्लायफोसेट गाठीपर्यंत जाते, परंतु ते हिरवळही मारते, आणि केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचनेद्वारे त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे द्रव्य वनस्पतींना आवश्यक अमिनो आम्ले बनवणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, बंद पाडते आणि लव्हाळ्यावर खरोखर परिणामकारक आहे. पण उसासाठी त्याच्या ७५ टक्के भुकटीची शिफारस हेक्टरी ९० ग्रॅम आहे, म्हणजे त्या हिशेबाने ५० चौरस मीटरच्या अंगणाला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर न मोजता येणारी ही मात्रा अंदाजाने घेणे हा धोका आहे.

लव्हाळ्याचे खरे दुखणे सावली आहे. ऊस आणि मका यांच्याप्रमाणे तो प्रथम चार कार्बन अणूंचे आम्ल बनवून प्रकाशसंश्लेषण करतो, आणि ही पद्धत प्रखर उन्हात जितकी लाभदायक तितकी सावलीत महाग पडते. हा मार्ग पाठ्यपुस्तकांत ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक यांच्या नावाने शिकवला जातो, ज्यांचे काम १९६६ साली पुढे आले. हवाईच्या ऊससंशोधन केंद्रातील कोर्टशॅक, कॉन्स्टन्स हार्ट आणि बर यांनी १९६५ सालीच उसाच्या पानांत ही आम्ले प्रथम बनतात हे प्रसिद्ध केले होते, आणि हार्ट यांनी तर मॅलिक आम्लाचे महत्त्व त्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. त्यांचे नाव या मार्गाशी जोडले जायला हवे होते. व्यवहारात लव्हाळ्याला सावली न मानवण्याचा अर्थ असा की हिरवळ अगदी बुडापासून खरवडून न कापता, त्या जातीला सोसेल तितकी उंच व दाट ठेवावी, आणि लव्हाळ्याचे कोंब दर दोन आठवड्यांनी मातीच्या किंचित खालून छाटावेत. अखंड हिरवळ नांगरता येत नसल्यामुळे निद्रिस्त गाठी हळूहळू जाग्या होतात, म्हणून हे काम निदान दोन पावसाळे चालते.

हिरवळ अजून लावायची असेल तर काम पुष्कळ सोपे आहे. एप्रिल-मे महिन्यांत मोकळी जमीन ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवावे. काळे नव्हे, कारण अंधारात लव्हाळ्याच्या कोंबाचे टोक सुईसारखे मिटलेले राहते आणि प्लॅस्टिक भोसकून वर येते, तर पारदर्शक आवरणाखाली प्रकाश मिळताच पाने उलगडतात, आतच अडकतात आणि उष्णतेने होरपळतात. आणि अंगणात लव्हाळा बहुधा बियांतून नव्हे, तर बाहेरून आणलेल्या मातीतून व हिरवळीच्या लाद्यांतून येतो, तेव्हा माती पसरण्याआधी ती चाळून घ्यावी. चाळणीत काळसर, केसाळ, हरभऱ्याएवढी गाठ आली आणि ती फोडल्यावर उटण्याचा वास आला, तर ती माती परत पाठवावी.