हलक्या पत्र्याचं सिम्युलेशन: चार गैरसमज

गाडीचं वजन घटवण्यासाठी पोलादी पत्र्याच्या जागी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू येतो आहे. ऑडीची ए8 1994 मध्ये ॲल्युमिनियमच्या बॉडीसह आली, तर फोर्डच्या एफ-150 ट्रकची बॉडी 2015च्या मॉडेलमध्ये ॲल्युमिनियमची झाली. हा पत्रा प्रेसमध्ये कुठे फाटेल, कुठे सुरकुतेल, हे डाय बनवण्याआधीच संगणकावर तपासतात. या तपासणीबद्दलचे काही गैरसमज टूलरूमला महागात पडतात.

गैरसमज: ॲल्युमिनियम मऊ, म्हणून सहज आकार घेतं.
वस्तुस्थिती: बॉडीसाठी वापरले जाणारे मिश्रधातू ड्रॉइंगच्या मऊ पोलादापेक्षा कमी ताणले जातात. शिवाय पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे 210 गिगापास्कल, तर ॲल्युमिनियमचा जेमतेम 70. त्यामुळे ताकद आणि जाडी सारखी असली, तरी दाब निघताच ॲल्युमिनियमचा पत्रा जवळपास तिप्पट मागे फिरतो. हा स्प्रिंगबॅक आधी गणिताने काढून डायच्या आकारातच त्याची भरपाई करावी लागते.

गैरसमज: पोलादाचंच गणित घ्यावं, फक्त आकडे बदलावेत.
वस्तुस्थिती: रोलिंगमुळे पत्र्याचे गुणधर्म दिशेगणिक बदलतात. पत्रा कधी कायमचा आकार बदलू लागतो, हे सांगणारा रॉडनी हिल यांचा 1948चा निकष पोलादासाठी बराच उपयोगी पडला, पण ॲल्युमिनियमचं वागणं त्यात नीट बसत नाही. फ्रेडरिक बार्लाट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ॲल्युमिनियमसाठी मांडलेल्या निकषाला रोलिंगच्या दिशेशी 0, 45 आणि 90 अंशांत कापलेल्या पट्ट्यांच्या ताण-चाचण्या लागतात, शिवाय दोन्ही दिशांनी एकाच वेळी ताणण्याची चाचणीही लागते.

गैरसमज: एकदा मोजलेले गुणधर्म कायम राहतात.
वस्तुस्थिती: मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेला 6000 मालिकेचा पत्रा गोदामात नुसता पडून राहिला, तरी हळूहळू कठीण होतो. महिन्यांपूर्वीची चाचणी आजच्या कॉइलला लागू पडेलच असं नाही.

गैरसमज: सिम्युलेशन झालं, आता प्रेसवरचं ट्रायआउट नको.
वस्तुस्थिती: तेलाचा थर, डायचं पॉलिश आणि पत्र्याची कड धरून ठेवणाऱ्या ब्लँकहोल्डरचा दाब यांवर घर्षण ठरतं, आणि ते जागोजागी बदलतं. अनेकदा मात्र सगळीकडे एकच गुणांक धरला जातो. चांगल्या सिम्युलेशनमुळे ट्रायआउटच्या फेऱ्या कमी होतात, पण शेवटची खात्री प्रेसवरच होते.

म्हणून सिम्युलेशनच्या रिपोर्टमधला ‘सुरक्षित’ सांगणारा हिरवा रंग पाहून डाय कापायला घेऊ नये. पत्र्याची चाचणी कधी झाली, कोणता निकष वापरला, घर्षण किती धरलं, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. संगणकाच्या उत्तरावर किती विसंबायचं, ते त्यावरून ठरतं.