वर्षांच्या मधले दिवस

जर्मन भाषेत एक छान शब्दप्रयोग आहे: ‘त्स्विशन डेन यारेन’, म्हणजे ‘वर्षांच्या मधले’. नाताळ आटोपल्यापासून नवे वर्ष लागेपर्यंतचे (काहींच्या हिशेबाने सहा जानेवारीपर्यंतचे) हे दिवस. ते धड जुन्या वर्षाचे नाहीत, धड नव्याचे नाहीत. ऑफिसला कुलूप असते, साडेचारला अंधारून येते, मुले सोफ्यावर लोळत असतात. अशा वेळी आपण नव्या वर्षाची डायरी उघडतो आणि पहिल्या पानावर चार ओळी खरडतो. वजन पाच किलो कमी करायचे. मुलांशी घरात मराठीतच बोलायचे. आणि मंडळाच्या कार्यक्रमात गप्पा मारताना लक्षात आले की, आपल्यापैकी पुष्कळांच्या यादीत आणखी एक ओळ असते: ‘या वर्षी लिहायचे.’ कुणाला आजीच्या आठवणी लिहायच्या असतात, कुणाला इथे आल्यावरची पहिली दहा वर्षे, तर कुणाला नुसती रोजनिशी.

माझी ओळ २००९ पासून ठरलेली होती: ‘अण्णांचे पुस्तक, २०० पाने.’

अण्णा म्हणजे माझे वडील. कोयना प्रकल्पावर ओव्हरसियर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते कोयनानगरच्या वसाहतीत होते, वय २७. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. माणसे मात्र गेली, शेकड्याच्या वर. त्या पहाटेबद्दल अण्णा कधी सलग बोलत नसत. जेवताना एखादे वाक्य यायचे, मग ताक मागायचे. हे सारे लिहून ठेवावे असे मला फार वाटे. पण दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डायरी कोरी पडे ती डिसेंबरपर्यंत. २०१८ मध्ये अण्णा गेले. नऊ वर्षांत माझी मजल अकरा पानांवर गेली होती, आणि त्यांतली चार प्रस्तावनेची होती.

माझा धंदा संगणक प्रणाली लिहिण्याचा. एखादी गोष्ट नऊ वेळा त्याच जागी मोडत असेल तर दोष नशिबाचा नसतो, रचनेचा असतो, हे मी कनिष्ठ सहकाऱ्यांना रोज सांगतो. तेव्हा त्या ओळीची तपासणी करणे भाग होते.

पहिला दोष आकड्यातच होता. ‘२०० पाने’ हे काम नव्हे, ते कामाचे फळ आहे. मंगळवारी संध्याकाळी मुलीला पोहण्याच्या वर्गाहून आणल्यावर, भांडी लावल्यावर, साडेनऊला टेबलापाशी बसणाऱ्या माणसाला २०० पाने करता येत नाहीत. त्याला एक परिच्छेद करता येतो. आपण शाळेत ऐकलेले असते की साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३. ते खरेच आहे. पण त्या पाच दिवसांच्या मागे आयुष्यभर मनात घोळलेली आई होती, हे आपण सोयीने विसरतो आणि पाच मोकळ्या दिवसांची वाट पाहत बसतो.

याउलट एक उदाहरण इथल्याच मातीतले आहे. समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान १९६९ मध्ये बीलेफेल्डच्या नव्या विद्यापीठात आले. तेव्हा त्यांना त्यांच्या संशोधन प्रकल्पाची माहिती विचारण्यात आली. त्यांनी तीन गोष्टी दिल्या: विषय, समाजाचा सिद्धान्त, मुदत, ३० वर्षे, खर्च, काही नाही. हा किस्सा त्यांनी स्वतःच त्या प्रकल्पाच्या अखेरच्या ग्रंथात सांगितला आहे. तो ग्रंथ निघाला १९९७ मध्ये, म्हणजे मुदतीच्या दोन वर्षे आधी. (२०११ मध्ये उघडणार असे ठरलेला बर्लिनचा विमानतळ ३१ ऑक्टोबर २०२० ला उघडला. त्या देशात हे घडले, याची नोंद अभियंता म्हणून केलीच पाहिजे.) नोव्हेंबर १९९८ मध्ये लूमान वारले.

तीस वर्षांची मुदत ऐकून आपल्याला धडकी भरते, पण मला त्यांचा रोजचा भाग अधिक मोलाचा वाटतो. लूमान वाचताना, विचार करताना, लहान कागदावर एक मुद्दा लिहीत, त्याला क्रमांक देत आणि लाकडी खणात ठेवीत. कागद पुष्कळदा पाठकोरे असत, घरातली जुनी बिले, मुलांची चित्रेसुद्धा. चाळीसहून अधिक वर्षांत असे सुमारे ९०,००० कागद जमले. २०११ मध्ये बीलेफेल्ड विद्यापीठाने तो सगळा साठा विकत घेतला. मधल्या वाटेवर टप्पे होतेच: १९८४ मध्ये प्रास्ताविक ग्रंथ, मग अर्थव्यवस्था, विज्ञान, कायदा, कला यांवर एकेक. आणि एका लिखाणात अडले की ते हट्टाने तिथेच बसत नसत, दुसरे हाती घेत. त्यांची पत्नी १९७७ मध्ये वारली आणि घरात तीन मुले होती, हे ‘घरच्या व्यापातून वेळ मिळत नाही’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अर्थात लिहिणे हीच त्यांची नोकरी होती. ‘खर्च काही नाही’ असे म्हणायला दरमहा पगार यावा लागतो, हेही सांगून टाकतो.

दुसरा दोष सापडला तो एका प्रयोगाबद्दल वाचताना. कोन्स्टांत्स विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पेटर गोलवित्सर आणि त्यांच्या सहकारी फेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगण्यात आले: २४ डिसेंबरची संध्याकाळ कशी घालवली याचा वृत्तान्त पुढच्या ४८ तासांत लिहून पाठवा. निम्म्यांना एवढेच सांगितले. उरलेल्यांना आधीच ठरवून लिहून द्यायला लावले की ते नेमके केव्हा आणि कुठे बसून लिहिणार. पहिल्या गटातल्या साधारण एक-तृतीयांश मुलांनी वेळेत वृत्तान्त पाठवला, दुसऱ्यातल्या तीन-चतुर्थांशांनी. इच्छा दोन्ही गटांची सारखीच होती. फरक इतकाच की दुसऱ्या गटाला सुट्टीच्या गडबडीत ‘आता लिहू का मग लिहू’ हा विचार नव्याने करावा लागला नाही. ठरलेली वेळ आली, ठरलेली खुर्ची दिसली, की काम आपोआप आठवले.

हे वाचून मला आमच्या घरची सत्यनारायणाची पूजा आठवली. गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी घालून संकल्प सांगतात तेव्हा ‘मी पूजा करतो’ एवढ्यावर भागत नाही. आधी स्थळ येते, गोदावरीच्या कुठल्या तीरावर ते. मग संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग कर्त्याचे नाव आणि गोत्र. आणि सर्वांत शेवटी, काय करणार ते. लहानपणी ही लांबण कधी संपते असे व्हायचे. आता वाटते, स्थळ आणि काळ सांगितल्याविना संकल्पाचे पाणी सोडायचे नाही ही शिस्त जुन्यांना ठाऊक होती. आपण डायरीत केवळ शेवटचे वाक्य लिहितो. मग संकल्प ‘सोडला’ याचा दुसराच अर्थ फेब्रुवारीत खरा होतो.

तिसरी गोष्ट थोडक्यात. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा कोणीतरी ‘तारखेपर्यंत द्या’ असे म्हणत आले आहे. किती कथा केवळ संपादकाच्या तगाद्याने जन्मल्या असतील! घरगुती लिखाणाला असा तगादा लावणारा नसतो. तो शोधावा लागतो.

मला तो सापडला आत्याच्या रूपाने. आत्या अण्णांची धाकटी बहीण. भूकंपाच्या वेळी ती शाळकरी होती, अण्णांकडे कोयनानगरला राहत होती. आज ती कराडला असते, ऐकू कमी येते, फोनवर फार वेळ बोललेले तिला सोसत नाही. ‘आत्या, सगळे सांग’ म्हटले की ती ‘काय सांगायचे रे’ म्हणून मोकळी होते. पण ‘आत्या, त्या रात्री दाराला कडी होती की अडसर?’ असे विचारले की पाच मिनिटे न थांबता बोलते.

म्हणून माझी ओळ आता अशी आहे: शनिवारी सकाळी सात ते पावणेआठ, स्वयंपाकघरातले टेबल, एक पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर एकच गोष्ट. वरच्या कोपऱ्यात क्रमांक, खाली कोणी सांगितले आणि केव्हा. मागे दोन ओळी जर्मनमध्ये, कारण माझी मुलगी देवनागरी वाचते, पण अडखळत. वर्षाचे लक्ष्य ४० कागद, ५२ नव्हे. आजारपण, भारतवारी आणि पाहुणे यांसाठी बारा आठवडे राखून ठेवले आहेत, जसे आम्ही कामाच्या वेळापत्रकात ठेवतो. एखादा शनिवार हुकला तर पुढच्या शनिवारी दोन लिहायचे नाहीत. ही व्याजाची पद्धत मी करून पाहिली; तीन आठवड्यांत कर्ज वाढते आणि मग खातेच बंद होते. कागदावर अडलो तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. आणि रविवारी, इथे सकाळ आणि कराडला दुपारचा चहा असताना, आत्याला पुढचा एक प्रश्न विचारायचा.

पहिल्या वर्षी ३७ कागद झाले, दुसऱ्या वर्षी ४१. त्यांचे पुस्तक होईल की नाही याचा विचार सध्या करत नाही. काही कागदांवर प्रश्नच आहेत, ज्यांचे उत्तर फक्त अण्णांकडे होते. तेही क्रमांक देऊन ठेवले आहेत. कागद २९ वर लिहिले आहे की त्या पहाटे अंगणात कोणीतरी कंदील घेऊन आले आणि पोरांना मोजू लागले. अण्णा त्या माणसाला नुसते ‘ते’ म्हणत. आत्याला चेहरा आठवतो, आवाज आठवतो, नाव आठवत नाही. ती म्हणाली, त्यांची बायको शेवयाची खीर फार छान करायची, तिच्या माहेरचे गाव आठवले तर नाव आठवेल. रविवारचा प्रश्न तोच आहे.