थोडी स्मृती, मोठे काम : पायथनमधील जनरेटर

ढाणकी परिसरातील कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या अनेक घरांना नवा संगणक घेणे परवडत नाही. जुन्या, अल्प स्मृतीच्या संगणकावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही मोठे काम करू देणारी एक सोय पायथन या संगणकभाषेत आहे. तिचे नाव जनरेटर. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही तिचा परिचय करून देत आहोत.

वसतिगृहातील भोजनाचे उदाहरण घेऊ. सर्व पोळ्या आधीच करून ठेवायच्या, तर मोठी टोपली लागते. पंगत बसल्यावर मागणीप्रमाणे एकेक पोळी तव्यावरून उतरवली, तर लहानशी दुरडी पुरते. पायथनमधील यादी ही पहिली रीत होय आणि जनरेटर ही दुसरी.

साधे फंक्शन 'रिटर्न' म्हणताच उत्तर देऊन संपते. ज्यात 'यील्ड' हा शब्द असतो, ते एक मूल्य देऊन तेथेच थांबते, आपली स्थिती जपून ठेवते आणि पुढील मूल्य मागितले की थांबल्या जागेपासून चालू लागते. ही सोय २००१ साली, पायथनच्या २.२ आवृत्तीत आली. ६४ बिटच्या संगणकावर एक कोटी संख्यांची यादी केली, तर त्यांच्या नुसत्या पत्त्यांनाच सुमारे ८ कोटी बाइट जागा लागते. त्याच संख्या एकेक करून देणारा जनरेटर मात्र काहीशे बाइटांत मावतो.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली. १८ व्या खंडात त्यांची मराठी भाषणे आहेत. अशा ग्रंथाचा युनिकोड मजकूर हाती असेल, तर त्यात समतेचा उल्लेख किती वेळा आला, हे मोजता येईल. पहिला जनरेटर एकेक ओळ देईल, दुसरा तिचे शब्द करील, तिसरा 'समता' किंवा 'समते' यांनी आरंभ होणारे शब्द निवडील. केवळ 'समत' शोधल्यास 'समतोल'ही मोजला जाईल, हे ध्यानात ठेवावे. ग्रंथ कितीही मोठा असो, स्मृतीत एका वेळी जेमतेम एक ओळ राहते.

मर्यादाही आहेत. जनरेटर एकदाच वाचता येतो. संपल्यावर पुन्हा फिरवला, तर चुकीची सूचना न देता तो रिकामाच राहतो. त्याची लांबी विचारता येत नाही, की मधलाच घटक थेट उचलता येत नाही. तीच मूल्ये वारंवार लागणार असतील, तर यादीच करावी.

म्हणून माजी विद्यार्थी व पालक यांना आमची विनंती आहे, की घरातील जुना संगणक निरुपयोगी समजून टाकू नये. तो चालू करून मुलांच्या हाती द्यावा.