फुंकर मारायची नाही

पहाटे ५.१५
यांची चाकणला फर्स्ट शिफ्ट. कंपनीची बस सृष्टी चौकात येते, त्याआधी डबा व्हायला हवा. लेकीच्या पाण्याच्या बाटल्याही तेव्हाच भरून ठेवते. अंगातलं पाणी कमी झालं की तिच्या मेंदूला रक्त कमी पडतं.

७.००
उपमा ताटात पसरून पंख्याखाली ठेवलाय. फुंकर मारायची नाही, हे ती आता स्वतःच सांगते. तिला मोयामोया आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या कवटीच्या आत हळूहळू अरुंद होतात. भोवती बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं, पण त्यावर भागत नाही. जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि वाहिन्या आणखी आकसतात. म्हणून गरम घासावर फुंकर मारताना, हमसून रडताना, फुगा फुगवताना हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं.

खाऊन झाल्यावर अ‍ॅस्पिरिन. ताप किंवा कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

७.३०
वेणी सैल. कानाच्या वर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, तिथे घट्ट हेअरबँड नको.

१०.००
ब्लाऊज शिवायला बसते. मशीन चालू असलं की ते पहिले महिने आठवतात. रडली की हातातला चमचा पडायचा. थोड्या वेळाने हात पुन्हा नीट, पोरगी खेळायला पळायची. कुणी म्हणालं नाटकं करते, कुणी टॉनिक दिलं. परत नीट झालं म्हणजे काही नव्हतं, असं नसतं हो! तोच इशारा असतो, पुढे कायमचा पॅरालिसिस होऊ शकतो. कुणाला वारंवार डोकं दुखतं, कुणाला फिट येते. एमआरआयवर संशय आला, अँजिओग्राफीने नक्की झालं. अरुंद झालेली नळी औषधाने रुंद होत नाही. म्हणून सर्जननी डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूच्या पृष्ठभागावर बसवली. तिच्यातून नवे फाटे फुटायला काही महिने लागतात. मोठ्या माणसांत बऱ्याचदा धमनी थेट धमनीला जोडतात.

१.००
शाळेतून आली. पीटीच्या बाईंनी उन्हात पळवलं नाही, पाणी प्यायला लावलं. त्यांचे उपकार मोठे.

४.३०
काटेपुरम चौकाकडची एक गिऱ्हाईक माप द्यायला आली. म्हणाली, "ताई, आमचा धाकटा रडला की त्याचा पाय ओढतो." मी टेप खाली ठेवला. "पुन्हा झालं तर व्हिडिओ काढ, वेळ लिही. पण त्यासाठी थांबू नकोस, न्यूरॉलॉजिस्टला दाखव. पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं तर लगेच १०८." तिने विचारलं, लहानांनाच होतं का? नाही. पाच ते दहा वर्षांत जास्त दिसतं, पुन्हा चाळिशीत. मोठ्यांना रक्तस्रावही होतो. १९५७ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदलेला हा आजार आपल्याकडे दुर्मीळ असला, तरी होतो.

तिने माझ्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. उद्या सुट्टी टाक म्हणाली.