आडवा फेकलेला चेंडू कधी पडतो?

20 मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला 15 मीटर वेगाने आडवा फेकला. बहुतेक विद्यार्थी इथे 15 लगेच सूत्रात घालतात आणि तिथेच चुकतात. खाली यायला लागणाऱ्या वेळेशी त्या 15 चा काहीच संबंध नाही! हवेचा अडथळा सोडला, तर हातातून नुसता सोडलेला चेंडूही त्याच क्षणी जमिनीवर टेकतो. किती सुंदर आहे हे! गुरुत्व त्वरण 10 धरलं की वेळ येते 2 सेकंद. आता 15 वापरा: आडवं अंतर 30 मीटर. विस्थापन मात्र सरळ रेषेत मोजायचं, पायथागोरसच्या प्रमेयाने ते सुमारे 36 मीटर. उभी आणि आडवी गती अशी वेगळी करून गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात हा वक्र मार्ग उलगडला. पुढचं गणित सोडवताना कागदावर आधी उभ्या आणि आडव्या गतीसाठी दोन रकाने आखा.